दात सुटे

आमच्या आत्याला सगळ्या जगाची किळस येते, आणि पोटासाठी तिने नेमकी जगाची कॉलर हातात घेतली आहे. ती लाँड्रीत रफू करते. धुताना भोक पसरतं, म्हणून रफू धुण्याआधीच, हा तिचा नियम. म्हणजे लोकांचा घाम, मानेचा मळ, खिशातले चिकट रुमाल, सगळ्याचा पहिला मान तिचा. नाक मुरडत तिने बावीस वर्षं काढली.

चार महिन्यांपासून मात्र दुपार झाली की तिचं डोकं आवळायचं. "कुणीतरी ओलं फडकं पिळून बांधतंय बघ." धागे मोजताना चुका व्हायला लागल्या. एका कोटाच्या बाहीवर रफू चक्क दिसलं. मालक म्हणाले, "बाई, आणखी एक असं झालं की टेबल रिकामं करा."

डॉक्टरांनी तपासलं, ताणाची डोकेदुखी म्हणाले आणि फिजिओथेरपीला पाठवलं. सोबत मी. तिथल्या खाटेला पालथं झोपणाऱ्याच्या तोंडासाठी भोक होतं. आत्याने आत डोकावलं.

"खाली कुणाचे तरी केस पडलेत. शी! मी नाही झोपणार."

"भोकाला रफू करून टाक."

"गप रे मेल्या!"

शेवटी धुतलेली चादर आली आणि आत्या उताणी झोपली. फिजिओथेरपीवाल्या बाईंनी तिच्या कवटीखाली बोटं टेकवली. "मावशी, खांदे सोडा."

"सोडलेत."

"कानाला लागलेत! आणि दात का आवळलेत?"

"तुमच्या हातांना मागच्या पेशंटचा वास येतोय."

बाई हात धुऊन आल्या. "कामाला कशा बसता, दाखवा."

आत्याने माझीच कॉलर ओढली. नाक आक्रसलं, खांदे वर गेले, हनुवटी पुढे आली, दात करकरले.

"दिवसभर असंच?"

"मग हसत शिवू? बघा तरी, काय मळ साठवलाय!"

बावीस वर्षांची किळस मानेत आणि जबड्यात जाऊन बसली होती. बाईंनी दर आठवड्याला मान दाबून घ्यायला बोलावलं आणि घरचा अभ्यास दिला: तासातासाने उठायचं, हनुवटी मागे घ्यायची, खांदे खाली, ओठ मिटलेले, दात सुटे.

"दात सोडले की वास जिभेवर उतरतो," आत्या पहिला आठवडा करवादली. तरी टेबलावर खडूने लिहिलंन, 'दात सुटे'. महिन्याभराने दुखणं रोजचं राहिलं नाही, आठवड्यातून एखाद्या दुपारवर आलं.

मग मालकांनी एक कोट आणला, काखेत फाटलेला. डबा द्यायला गेलेल्या मला त्याचा वास दारातच आला. आत्याने नाक मुरडलं, मग आठवण येऊन खांदे सोडले, आणि सबंध दुपार एकेक धागा मोजत बसली.

मालक कोट खिडकीशी घेऊन गेले. उलटा केला, सुलटा केला. "कुठे केलंय?"

"शोधा."

त्यांनी काख अगदी नाकाशी नेली. तोंड वाकडं झालं, खांदे थेट कानाला.

"मालक, दात सुटे ठेवा," आत्या म्हणाली. "डोकं दुखेल."