पाइलीच्या नावाची प्रार्थना

लोनप्पन चेट्टननी, म्हणजे आमच्या वाडीतल्या लोनप्पनदादांनी, बसची कंडक्टरकी सोडून सहा वर्षं झाली, पण ती त्यांच्या घशातून गेलेली नाही. दर शनिवारी तुरुंगात प्रार्थना घ्यायला जातात, तर कैद्यांनाही सांगतात, "पुढे सरका, मध्ये जागा आहे." बायको गेल्यापासून घरात ते एकटेच.

पाइली त्यांना तिथेच भेटला. कुंपणाच्या भांडणात सख्ख्या भावाचा जीव घेऊन आत गेलेला. जपमाळ म्हणायला तो आतच शिकला. सुटला तेव्हा फाटकाशी फक्त चेट्टन उभे होते. त्यांनी त्याला आपली मागची खोली दिली.

आमच्या वाडीत दर महिन्याला एका घरी प्रार्थना असते. यजमानानं मेणबत्ती लावायची, जपमाळ सांगायची, सगळ्यांना खायला घालायचं. लोक तुमच्या ओसरीवर खाऊन गेले, की तुम्ही वाडीतले. चेट्टनना पाइलीसाठी एवढंच हवं होतं. पाळी आली तेव्हा त्यांनी फादरना सांगून यादीत स्वतःच्या जागी पाइलीचं नाव घालायला लावलं. रविवारी मिस्सा संपल्यावर फादरनी ते वाचलं. चेट्टनना वाटलं, पोराला मान मिळाला. प्रार्थना गुरुवारी, म्हणजे सबबी शोधायला लोकांना चार दिवस मिळाले.

म्हाताऱ्या त्रेस्या चेडत्तींचा गुडघा बुधवारपासूनच कण्हायला लागला. वर्की मास्तरांकडे पाहुणे येणार होते. कोण, ते त्यांनाही नीट सांगता येईना. आईनं मला पाठवलं, सांग म्हणे सर्दी झालीय.

चेट्टननी परातभर कप्पा, म्हणजे साबुकंद, उकडला होता, वर मिरचीची चटणी. सात वाजले तरी ओसरीवर आम्ही तिघंच.

पाइली म्हणाला, "चेट्टा, मी मागच्या दारानं जातो. मी इथे नाही हे कळलं, की लोक येतील."

"मेणबत्ती लाव."

त्यानं लावली. शंभर जणांना ऐकू जाईल अशा आवाजात जपमाळ सांगितली. उत्तर द्यायला आम्ही दोघं.

शुक्रवारी सकाळी मागची खोली रिकामी होती. पत्ता ठेवलेला नव्हता.

शनिवारी चेट्टन नेहमीसारखे तुरुंगात गेले. परतताना वाटेत भेटले, तेव्हा मी विचारलं, आतल्यांनी पाइलीची चौकशी केली का.

"केली ना. सांगितलं, सगळी वाडी आली होती. कप्पा पुरला नाही."

मी त्यांच्याबरोबर चालू लागलो.

"मत्तायी पुढच्या महिन्यात सुटतोय," ते म्हणाले. "माझ्याकडे येऊ का म्हणून विचारत होता. ये म्हटलं."