चिंचेखालचं इरकली लुगडं

आता काय सांगू तुम्हाला! भूत बघितलेली माणसं पुष्कळ भेटतील. स्वतःच्या हातानं भूत घडवून त्यालाच घाबरलेला गाढव हा तुमच्यासमोर बसलाय. चहा ओता, सांगतो.

लढाईचे दिवस. माझ्या जुन्या फटफटीचे ब्रेकचे पट्टे पार झिजले होते आणि नवे हैदराबादेतसुद्धा मिळेनात. मी कसला थांबतोय! अंगणात चाक उघडलं, विहिरीवरच्या फाटक्या मोटेचं चामडं कापलं आणि खिळे ठोकून बसवलं. खिळ्यांची डोकी जरा वर राहिली. राहू देत म्हटलं, कोण बघतंय?

दुसऱ्या दिवशी कोहिनूर गावी मेहुणीचं लग्न. बायको आधीच माहेरी गेलेली. तिचा निरोप होता, "अक्षतेला नेसायचं माझं इरकली लुगडं आणा. इसरलाव तर मांडवात पाय ठिवू देणार न्हाई."

पहाटे बसवकल्याणहून निघालो. दाट धुकं. कोहिनूर जवळ आलं आणि चिंचेचा उतार लागला. पेट्रोल वाचवायला इंजिन बंद केलं, ब्रेकवर पाय ठेवला. सगळं चिडीचूप. अन् अगदी पाठीशी एक बाई किंचाळली!

घाबरून ब्रेक आणखी दाबला. ती आणखी किंचाळली! गाडी थांबली, तशी तीही गप्प.

या चिंचेखाली एक बाळंतीण गेली होती, हे सगळ्या मुलखाला ठाऊक.

"अक्का, काय पायजे तुला?"

जरा पुढं सरकलो की किंकाळी! बिचारीची ओटी भरायची राहिली असणार. पिशवीतलं बायकोचं लुगडं काढलं, बुंध्याला गुंडाळलं, पाया पडलो. उतार संपतच आला होता. इंजिन सुरू केलं आणि ब्रेकला पाय न लावता सुसाट सुटलो. आवाज बंद! पावली म्हणा ना!

मांडवाच्या दारात ब्रेक दाबला. किंकाळी!

"आली! लुगडं दिलं तरी मागं आली!" ओरडत मी थेट आचाऱ्याच्या चुलीमागं दडलो.

बायको बाहेर गेली. तिनं गाडी ढकलून पायानं ब्रेक दाबला. किंकाळी. सोडला. गप्प.

"भूत ह्या चाकात हाय," ती म्हणाली. "कामून दडायलाव? आन् माझं लुगडं कुठाय?"

तसाच पायी माघारी पळालो. चिंचेपाशी बायकांची ही गर्दी! पहाटेची किंकाळी आसपासच्या रानात सगळ्यांनी ऐकली होती. लुगड्याला हळदकुंकू लागलेलं, पुढं नारळ फुटलेले. आता त्याला हात लावायची कुणाची छाती?

"काय बघायलास?" एक म्हातारी खेकसली. "अक्का लई कडक हाय. पाया पड!"

पडलो. पहाटे तिला घाबरून पडलो होतो, आता बायकोला.

"अक्का," म्हटलं, "लुगडं तुलाच ऱ्हाऊ दे. मला तेवढं मांडवात परत जायचं बळ दे."