अर्ध्या आडनावाचा शोध

माझं आडनाव बदलापूरकर, त्यामुळे तिकडचा मुलूख मला तोंडपाठ असणार, अशी सांगलीतल्या आमच्या सिंधी शेजारीण रुकीबाईंची ठाम समजूत होती. मी बदलापूर पाहिलेलंही नव्हतं. फाळणीच्या पळापळीत रुकीबाईंचा धाकटा भाऊ हरवला होता. तो बदलापूरजवळच्या उल्हासनगरात आहे, असं चार वर्षांनी कानावर आलं. सुट्टी लागताच मी निघालो. पत्ता एका ओळीचा: होतूमल टेकचंदानी, उल्हासनगर.

कल्याण स्टेशनबाहेर टांगेवाल्यानं मान हलवली.

"उल्हासनगर? ते कुठं आलं?"

"सिंधी निर्वासितांचं नवं शहर."

"मग कॅम्प म्हणा की. कितवा कॅम्प?"

सरकारनं दिलेलं नाव फक्त सरकारला आणि मला ठाऊक होतं.

कॅम्प म्हणजे पलटणीच्या जुन्या बराकी, आत गोणपाटाचे पडदे लावून केलेली बिऱ्हाडं. प्रत्येक बिऱ्हाडात पापड-पाणी मिळालं आणि एकच प्रश्न: "कौन सा टेकचंद?" आजोबांच्या नावाला 'आनी' जोडला की यांचं आडनाव तयार, आणि सिंधमध्ये टेकचंद नावाच्या आजोबांचा तुटवडा नव्हता.

शेवटी रेशन कचेरीतल्या कारकुनानं वही चाळली. "टेकचंदानी नाही. चंदानी होतूमल आहे, कॅम्प तीन."

"टेक कुठे गेला?"

"रकाना अरुंद आहे," तो शांतपणे म्हणाला.

होतूमल बराकीच्या दारात भजी तळत होता. मी रुकीबाईंचं नाव घेतलं. त्याच्या हातातला झारा तसाच राहिला, भजी काळी पडली.

"अदी (मोठी बहीण) जिंदा है?"

मी हो म्हटल्यावर तो जमिनीवर बसला आणि पंच्यात तोंड खुपसून रडला. मी झारा घेऊन काळी भजी कढईतून बाहेर काढली.

दुसऱ्या दिवशी, एवढ्या जवळ आलोच आहे तर मूळ गाव पाहावं, म्हणून अंबरनाथवरून बदलापूरला गेलो. शेताच्या बांधावर एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला मोठ्या ऐटीत आडनाव सांगितलं.

"हितं कोनी बदलापूरकर नाय," तो म्हणाला. "हितं ऱ्हातो त्याला बदलापूरकर कशाला म्हनतील? गाव सोडून गेला, त्यालाच गावाचं नाव लागतं."

पूर्वजांचा शोध असा दोन मिनिटांत आटोपला. मी पुढची गाडी पकडली.

सांगलीला येऊन रुकीबाईंना सगळं सांगितलं. होतूमलच्या आडनावाचं सांगताना मात्र चाचरलो.

"म्हणजे आमच्या दादाजींना अर्धं कापलं?"

"हो."

त्यांनी पदरानं डोळे पुसले आणि ट्रंक ओढून कपडे भरायला घेतले.

"कापू दे," त्या म्हणाल्या. "भाऊ तर पूरा आहे ना?"