अंगातले कपडे परत घेतले जात नाहीत

दुकानाचं शटर वर गेलं की सुलभाअक्का देवापुढं उदबत्ती लावायच्याही आधी टेप तपासायच्या. खिळ्याला टांगलेली पिवळी कापडी टेप काढायची, कापड मोजायच्या लोखंडी मीटरपट्टीवर सरळ धरायची आणि शंभरचा आकडा पट्टीच्या टोकाला भिडतो का ते चष्मा वर करून बघायचं. कापडी टेप वापरून वापरून लांबते. दोऱ्याएवढा जरी फरक दिसला तरी त्या टेप कातरीनं दोन ठिकाणी कापून टाकायच्या, दुसऱ्या कुणी चुकून वापरू नये म्हणून, आणि नवी काढायच्या. वडिलांनी लावलेली सवय. चाळीस वर्षांत तिच्यात खंड पडला नव्हता.

दाजीबानपेठेतलं हे दुकान त्यांच्या आजोबांचं. मिरजेहून एक शिलाई मशीन घेऊन ते हुबळीला आले, म्हणजे घरातलं सगळं शहाणपण शिंप्याचं. वडिलांच्या काळात शिलाई सुटली आणि ब्लाउजपीस, अस्तर, परकर आले. मागच्या बाजूला एक काउंटर आणि एक पडदा, तो सुलभाअक्कांचा. तिथं बायकांच्या बॉड्या मिळत. कंपन्या ब्रा म्हणोत, ब्रेसियर म्हणोत, पेठेतल्या बायका बॉडीच म्हणायच्या, आणि तेही आवाज उतरवून. पुढं गल्ल्यावर मोठे भाऊ मधुकरअण्णा बसत. त्यांच्या डोक्यावर कन्नडमध्ये आणि खाली मराठीत पाटी होती: अंगातले कपडे परत घेतले जात नाहीत.

लग्नाची स्थळं आली, गेली. पुढं पुढं कुणी विषय काढेनासं झालं. आई गेली आणि अण्णांनी विद्यानगरात घर बांधलं, तेव्हा दुकानावरच्या दोन खोल्यांत अक्का एकट्या राहिल्या. एका माणसाचा भात किती टाकायचा हे त्यांना शेवटपर्यंत नीट जमलं नाही. रोज मूठभर उरायचा. सकाळी फोडणी देऊन तोच खाऊन त्या खाली उतरायच्या.

खाली मात्र दिवसभर माणसं. "ओळग बर्री," आत या, म्हणून त्या एकेकीला पडद्याआड घ्यायच्या आणि पहिला प्रश्न ठरलेला, "ब्लाउज किती नंबरचं?" छत्तीसचं म्हटलं की छत्तीसची बॉडी. सांगता आलं नाही तर टेप छातीवरून फिरवायची आणि जो आकडा येईल तो. आजोबा ब्लाउज याच मापानं शिवायचे, अक्कांच्या आधी या काउंटरवर बसणाऱ्या आत्याही अशाच विकायच्या. ब्लाउजचं माप तेच बॉडीचं, यात विचारण्यासारखं काय होतं? कुणी म्हणालीच, "बिगि आगतैत्री अक्का," घट्ट होतेय, की दोन नंबर वरची. कुणी म्हणाली पाठीवर चढते, की पट्टे आवळून द्यायचे.

त्यांचा स्वतःचा नंबर अडतीस होता. दोन्ही खांद्यांवर पट्ट्यांच्या खाचा पडल्या होत्या, शेंगदाणा ठेवला तर घरंगळणार नाही अशा. संध्याकाळी जिना चढून गेल्यावर त्या आधी हूक काढायच्या आणि मग दिवा लावायच्या. बाईच्या जातीला हे असतंच, असं आई म्हणायची.

मागच्या वर्षी एका कंपनीनं स्टेशनजवळच्या हॉटेलात विक्रेत्या बायकांसाठी एक दिवसाचं शिबिर ठेवलं. अण्णा म्हणाले, "जा की, जेवण फुकट आहे." शिकवायला रेश्मा नावाची तिशीतली मुलगी होती. तिनं समोरच्या खुर्च्यांवरून नजर फिरवली आणि म्हणाली, "अक्का, तुम्ही या. तुमचं माप घेऊन दाखवते."

"माझा नंबर मला माहीत आहे. अडतीस."

"कुणी मोजलं होतं?"

अक्का आठवायला लागल्या. हजारो बायकांना त्यांनी टेप लावली होती. त्यांना कधी कुणी लावली नव्हती.

पडद्याआड रेश्मानं त्यांना हात खाली सोडायला सांगितले आणि टेप पाठीमागून घेण्यासाठी दोन्ही हात त्यांच्याभोवती नेले. क्षणभर तिची हनुवटी अक्कांच्या खांद्याशी आली. केसांना खोबरेल तेलाचा वास होता. आई गेल्यापासून इतकं जवळ कुणी आलं नव्हतं. अक्कांनी भिंतीवरच्या स्विचबोर्डाकडं बघितलं आणि त्यावरची बटणं मोजली.

"श्वास सोडा. हे छातीच्या खालचं. चौतीस," रेश्मा म्हणाली. "आणि हे छातीच्या भरावरचं, अडतीस. चारचा फरक, म्हणजे कप डी. तुमचा नंबर चौतीस डी, अक्का. अडतीस नव्हेच."

"पण ब्लाउज अडतीसचं आहे माझं."

"ब्लाउज भरावरच्या मापाचं. बॉडीचा आकडा छातीखालच्या घेराचा, आणि कप त्या दोन्हींतला फरक. वजन खालच्या पट्टीनं उचलायचं असतं. ती सैल असली की पाठीवर चढते आणि सगळं ओझं खांद्यांवर येतं." तिनं अक्कांच्या पदराखालची खाच बोटानं हलकेच दाबली. "दुखत नाही?"

तिनं दिलेली बॉडी अंगात घालून अक्का रिक्षानं परत आल्या. खांदे हलके होते. इतके, की काहीतरी विसरून आल्यासारखं त्यांना सारखं वाटत राहिलं. टेप कधीच चुकली नव्हती. त्यांनी ती चाळीस वर्षं चुकीच्या जागी धरली होती.

त्या संध्याकाळी त्यांना सगळ्यांत आधी आठवली ती राधा.

राधा शाळेपासूनची. दोन गल्ल्या पलीकडं राहायची आणि रोज पहाटे दोघी उणकल तलावाला फिरायला जायच्या. राधाचं अंग भरलेलं. चालताना ती पदर दोन्ही हातांनी छातीशी धरायची, मग एक फेरी कमी करायची, मग बाकावर बसूनच राहायची. "पाठ मोडते गं," म्हणायची. अक्कांनी तिला ब्लाउजच्या नंबरानं बेचाळीस दिली होती. शेवटी एका शनिवारी, ऐन गर्दीत, राधा कागदात गुंडाळलेली ती वस्तू घेऊन दुकानात आली. "हिचा काही उपयोग नाही. बदलून दे."

गल्ल्यावरून अण्णा सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले होते, "ताई, पाटी वाचता येते ना? अंगात घातलेलं परत घेत नाही आम्ही. हॉटेलात उष्टी इडली परत देता काय?"

कुणीतरी फिसकन हसलं. दोन पुरुष वळून राधाच्या छातीकडं बघायला लागले. राधानं अक्कांकडं बघितलं. अक्का खोक्याचं झाकण बसवत होत्या. त्या ते बसवतच राहिल्या.

त्याला पंधरा वर्षं झाली होती. तलाव तिथंच होता, पण एकटीनं जायला अक्कांचे पाय निघाले नाहीत. राधा रस्त्यात दिसली तर बाजू बदलायची.

शिबिराच्या दुसऱ्या दिवशी अक्कांनी अण्णांना सांगितलं, नवे नंबर मागवायला लागतील, कप लिहिलेले, आणि जुन्या गिऱ्हाइकांना परत मोजावं लागेल.

"सुले, चाळीस वर्षांत कुणी तक्रार केली काय?"

"एकीनं केली होती."

"कुणी?" अण्णांनी विचारलं. त्यांना खरंच आठवत नव्हतं.

आठ दिवसांनी भर दुपारी, दुकान जेवणासाठी बंद असताना, अक्का टेप पिशवीत टाकून दोन गल्ल्या चालल्या. राधानं दार उघडलं. केस पांढरे, पाठीला बाक. हातांनी पदर अजूनही छातीशी धरलेला.

"पंधरा वर्षांत दोन गल्ल्या संपल्या वाटतं?"

"राधा, मी तुला चुकीची दिली होती."

"काय?"

"बॉडी. नंबरच चुकीचा होता. सगळ्यांनाच चुकीचा दिला. तुला जास्त."

राधाचे खांदे गदगदले तेव्हा अक्कांना वाटलं ती रडतेय, पण ती हसत होती. "हे सांगायला आलीस? देवा! माझ्या मणक्याचा एक्स-रे काढला की डॉक्टरांनी. वजन उतरवा म्हणाले. सून म्हणते, तुम्ही आळशी."

"एकदा मोजू दे."

"आता? या वयात कोण बघतंय?"

"बघायचं कुणी नाही. तुला चालायचंय."

राधानं दाराची कडी लावली. स्वयंपाकघरात, फ्रिजच्या आडोशाला, अक्कांनी आधी छातीखाली टेप लावली. छत्तीस. मग भरावर. बेचाळीस. सहाचा फरक. डीच्याही पुढच्या त्या अक्षराचा माल दुकानात कधी आलाच नव्हता.

"बेंगळूरहून मागवते. आला की घरी आणून देते."

"नको." राधा हूक लावता लावता म्हणाली. "जिथं माझी अब्रू घालवलीस तिथंच दे. पण मी त्या पायरीवर पाय ठेवीन असं समजू नकोस." चहा विचारला नाही. अक्काही थांबल्या नाहीत.

माल बारा दिवसांत आला. खोक्यावर अक्कांनी पेन्सिलीनं "राधा" लिहिलं आणि ते डोळ्यांसमोरच्या फळीवर ठेवलं. दिवाळीची गर्दी झाली, संक्रांत झाली. जुन्या बायका येत, अक्का त्यांना परत मोजत. कुणी लाजे, कुणी भांडे. "इतकी वर्षं छत्तीस होते, आज बत्तीस कशी झाले हो अक्का? वाळले काय मी?" पडद्याआड हसणं व्हायचं. आरशात खांदे सैल पडलेल्या बाईचा चेहरा बघणं हा अक्कांचा आवडता क्षण झाला. बाई निघून जायची आणि अक्का पुन्हा पायरीकडं बघायच्या. खोक्यावर धूळ साचली की पुसायच्या. एकदा पेन्सिल फिकी वाटली, तर पुन्हा गिरवली.

उन्हं तापायला लागली होती तेव्हा एका मंगळवारी राधा आली. पायरीवर चपला काढल्या, कुणाशी न बोलता काउंटरपाशी आली आणि हात पुढं केला. अक्कांनी खोकं दिलं. पैसे ठेवून ती निघाली. घालून बघ म्हणेपर्यंत रस्त्याला लागलीसुद्धा.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, दुकानात पाचसात गिऱ्हाइकं असताना, ती परत आली. हातात कागदात गुंडाळलेली कालचीच वस्तू. ती काउंटरवर ठेवून राधा मोठ्यानं म्हणाली, "बसत नाही. श्वास कोंडतो. परत घे."

गल्ल्यावर अण्णांची मान वर गेली, हात सवयीनं पाटीकडं वळला. "ताई, इथं लिहिलंय..."

"अण्णा, थांब." अक्कांचा आवाज पुढच्या काउंटरपर्यंत पोचला. "परत घेतलं. चूक माझी आहे. पंधरा वर्षांपूर्वीचीपण माझीच होती, आणि तेव्हा मी गप्प बसले."

अण्णांचा हात तसाच वर राहिला. मग त्यांनी तो खाली घेतला आणि समोरच्या बाईचं अस्तर मोजायला लागले.

राधा काउंटरला टेकून उभी राहिली. म्हणाली, "आता परत घेतलंसच, तर का बसत नाही तेवढं तरी बघ."

पडद्याआड तिनं बॉडी चढवली. अक्का पाठीमागं गेल्या आणि बघतच राहिल्या. पाठीच्या पट्टीला हुकांच्या तीन रांगा होत्या. राधानं सगळ्यांत आतल्या, सगळ्यांत आवळत्या रांगेत हूक लावला होता. सैल बॉडी आयुष्यभर तशीच घट्ट करून घातलेली, बोटांना तेवढंच ठाऊक. अक्कांनी हूक काढून बाहेरच्या रांगेत लावला. पट्टीखाली दोन बोटं घालून बघितली. पट्टे सैल केले. "जरा वाक. आता सरळ हो."

राधा सरळ झाली. आरशात तिनं हात छातीशी नेले, सवयीनं, आणि तिथं धरायला काही नाही म्हटल्यावर ते खाली सोडले.

"चालून बघू?" ती म्हणाली. पडद्याआड जेमतेम दोन पावलांची जागा होती. ती दोन पावलं गेली, दोन पावलं आली.

"उद्या तलावाला येतेस काय?" तिनं आरशातूनच विचारलं. अक्कांनी मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी पहाटे राधा जिन्याखाली उभी राहून हाका मारत होती. वर दिवा लागला नाही. अण्णांना फोन गेला, ते किल्ली घेऊन आले. झोपेतच गेल्या, डॉक्टर म्हणाले. पातेल्यात मूठभर भात उरला होता. खाली टेप खिळ्याला होती. त्या सकाळी तिला कुणी तपासलं नाही.

राधा हल्ली एकटीच तलावाची पूर्ण फेरी मारते. अक्का शेवटी काय बोलल्या, असं कुणी विचारलं की तिला सांगण्यासारखं काही सापडत नाही. आदल्या संध्याकाळी ती पायऱ्या उतरून रस्त्याला लागली होती. अक्का दारापर्यंत आल्या, हातात टेप तशीच, आणि येणाऱ्याजाणाऱ्यांची पर्वा न करता मागून ओरडल्या, "बाहेरच्याच हुकावर लाव गं! सैल झाली की मग आत घे."