रिकामी होडी काढू नये

थर्झा काउलिंग होडी काढायला बसली की भाकरी थापणाऱ्या बाईसारखी दिसायची. डोळे दुसरीकडे, हात आपला चालू. नॉर्दम्बरलँडच्या आमच्या बंदरात तिने आयुष्यभर होड्यांवर नावं रंगवली, आणि कंबर धरली तेव्हा ब्रश ठेवून पेन्सिल घेतली. जीभ मात्र तशीच तिखट. मी लग्न होऊन या गावात आले तेव्हा मला वरपासून खालपर्यंत न्याहाळून म्हणाली होती, "ही बाई या वाऱ्यात टिकायची नाही." आता मी इथली बालवाडी चालवते आणि वाऱ्याला तोंडावर शिव्या घालते, पण तेव्हा रडले होते.

तिचा नियम एकच, आणि तो सगळ्या गावाचाच. होडी रिकामी काढायची नाही. आत माणूस हवा, नाहीतर कुत्रं, निदान मांजर. रिकामी होडी माणूस मागते, असं इथे म्हणतात. पोरांनी वाळूत काठीने होडी काढली तरी जाता-येता कुणी आई त्यात एक खडा टाकते. सुरुवातीला मला हसू यायचं. पुढे मीही खडा टाकायला लागले. इकडच्या भुतांशी आपलं काय वैर?

हेस्टरबाई शहरातून आल्या त्या विद्यापीठाच्या डॉक्टर, औषधाच्या नव्हे, भाषेच्या. 'प्रत्येक', 'काही', 'कुठलाच नाही' हे शब्द लहान मुलांना कसे कळतात, ते त्यांना पाहायचं होतं. मला त्यांनी चहा पिता पिता समजावलं. आपण मराठीत म्हणतो, प्रत्येक टोपलीत एक सफरचंद. इंग्रज आधी ते 'एक सफरचंद' म्हणतात, मग आपल्या 'टोपलीत'मधल्या 'त' साठी एक छोटासा शब्द, आणि त्याच्या आड बसलेलं 'प्रत्येक टोपली'. म्हणजे ऐकणाऱ्याच्या हाती आधी एकच सफरचंद पडतं. मग ते मागचं 'प्रत्येक' येतं आणि त्या एकाची टोपलीगणिक वाटणी करतं.

"म्हणजे पंगतीच्या टोकाला बसलेला म्हातारा सगळं वाढप ठरवतो, तसं," मी म्हणाले.

"अगदी तसंच!" बाई खूश झाल्या.

पाहण्याची रीत मजेची होती. बाईंच्या हातात कापडी बेडूक. मुलासमोर चित्र ठेवायचं, बेडूक त्यावर एक वाक्य बोलणार. खरं बोलला तर मुलाने त्याला बिस्किट भरवायचं, चुकला तर फडकं. फडकं भरवताना पोरं खिदळायची. टोपल्यांची, झाडांची, घरांची चित्रं छान पार पडली. ती सगळी थर्झानेच काढली होती.

मग बाईंना होड्या हव्या झाल्या. तीन होड्यांत एकेक मूल, आणि चौथी रिकामी. बेडूक म्हणणार, "एक मूल आहे प्रत्येक होडीत." चौथीत कुणी नाही, तेव्हा पोरांनी फडकंच द्यायला हवं.

"चौथीत मांजर घालते," थर्झा म्हणाली.

"नको ना. पूर्ण रिकामी हवी."

"मग दुसरं कुणी शोधा."

"हरकत नाही, आमच्याकडे शहरात एक मुलगी आहे, ती काढेल."

इथे थर्झाचा अभिमान आडवा आला. "शहरातली पोरगी? ती होडीला तळ काढेल बशीसारखा! आणा तो कागद." तिने काढलं. चौथ्या होडीवर हात जरासा अडला, ते मी पाहिलं. बोलले नाही. बोलायला हवं होतं असं आता वाटतं, पण थर्झाला अडवणारं माणूस या गावात जन्मलं नव्हतं.

बाईंनी ते चित्र आधी शहरातल्या एका शाळेत दाखवलं, तिथल्या मुलांनी बेडकाला फडकं दिलं. आमच्या पोरांनी बिस्किट दिलं. एकेकाला आतल्या खोलीत नेत होतो, त्यामुळे एकमेकांचं पाहून म्हणावं तर तसंही नव्हतं. बाई गोंधळल्या. त्यांनी छोट्या मॉडीला विचारलं, "या चौथ्या होडीत कोण आहे गं?"

"टॅन्सी."

"कुठे? मला नाही दिसत."

"आडवी पडलीय ना ती. केस दिसतायत बघा, काठावर."

माझ्या हातातलं बिस्किट खाली पडलं. टॅन्सी म्हणजे थर्झाची नात, मुलीची मुलगी. आई शहरात कामाला, म्हणून पोर आजीकडेच वाढत होती. आम्ही पुढच्या मुलाला विचारलं. टॅन्सी. त्याच्या पुढच्याला विचारलं. त्याने चिडून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "टॅन्सीच. तुम्हाला काय चष्मा लागलाय का?"

शेवटी टॅन्सी आली. तिने चित्र नीट पाहिलं आणि बेडकाच्या तोंडात फडकं कोंबलं. "खोटारडा! ही होडी रिकामी आहे."

"चला, एक तरी बरोबर निघाली," हेस्टरबाई म्हणाल्या आणि हसल्या. मला हसता येईना. सगळ्यांना जी दिसत होती, ती तिची तिलाच दिसत नव्हती.

त्या दिवसापासून टॅन्सी खेळता खेळता आडवी पडायला लागली. सतरंजीवर, बाकावर, एकदा तर दारातच. ताप नाही, खोकला नाही. गावच्या डॉक्टरांनी तपासलं आणि वाढीचं वय म्हणून सोडून दिलं. मी तिला उठवायला गेले तर हात गारठलेले, आणि केसांना समुद्राचा वास. "मिस, थांबा ना," ती डोळे मिटूनच म्हणाली, "छान हलतंय."

मी तडक थर्झाच्या घरी गेले आणि सगळं सांगितलं. ती बटाटे सोलत होती. सुरी खाली ठेवून तिने हात पुसले, फार वेळ पुसले.

"चित्र कुठे आहे?"

"बालवाडीत. मी जाळून टाकते, थर्झा. आत्ता जाते."

"अगं मूर्ख बाई, होडी जाळलीस तर आत कोण आहे?" ती ओरडली. मग आवाज खाली आला. "मीच काढली ती. माझ्या हाताने. शहरातल्या पोरीला हरवायला." तिला मी तोवर कधी रडताना पाहिलं नव्हतं, आणि पाहायची इच्छाही नव्हती.

ती माझ्याबरोबर आली. बाहेर स्वच्छ ऊन होतं, पोरं अंगणात ओरडत होती, टॅन्सी भिंतीला टेकून डुलत होती. थर्झाने चित्र पुढ्यात घेतलं, शाईचं पेन काढलं आणि चौथ्या होडीत एक म्हातारी काढली. जाड पाय, डोक्याला रुमाल, नाक तिचं स्वतःचं. हेस्टरबाई "अहो, माझा प्रयोग!" म्हणत धावल्या.

"तुमचा बेडूक बोलवा," थर्झा म्हणाली.

बेडूक म्हणाला, "एक मूल आहे प्रत्येक होडीत." मॉडीने फडकं उचललं. "नाही, चौथीत म्हातारी आहे. थर्झाआजी." पुढच्याने फडकं. त्याच्या पुढच्याने फडकं. मी टॅन्सीला आत बोलावलं. तिने डोळे चोळले, चित्रावर बोट ठेवलं आणि खुदकन हसली. "आजी, तुझं नाक केवढं काढलंस!" तिचा हात माझ्या हातात होता, आणि तो ऊन होता. मला इतकं हायसं वाटलं की मी खुर्चीत बसलेच.

पोरं पुन्हा बाहेर पळाली, टॅन्सी सगळ्यांच्या पुढे. थर्झाने कागद खिडकीजवळ नेला, दूर धरला, जवळ धरला. पेनातली शाई अजून तिच्या बोटाला होती.

"शालन, मी काढलेली म्हातारी तुला दिसते?"

"दिसते की. ही काय, ढळढळीत."

"बरं." तिने कागद माझ्याकडे दिला आणि कोटाची बटणं लावायला घेतली. "मला तर ती होडी रिकामीच दिसतेय."