भाऊंचं समुद्रगवत

पाण्याचा ग्लास हातात आला की भाऊ तो आधी उजेडाकडे धरत. मग वास घेत. मग ग्लास कोणी दिला त्याच्या तोंडाकडे बघत. एवढं करून पाणी प्यायलेच तर वर म्हणत, "पाण्यावर भरवसा ठेवाचा नाई. अन् पाणी देणाऱ्यावर तर मुळीच नाई."

असा एक नग प्रत्येक खात्यात असतो, तुम्हीही पाहिला असेल. पण आमच्या नगाने घरात समुद्र पाळला होता, आणि तोही चंद्रपूर जिल्ह्यात.

नव्वदीच्या दशकातली गोष्ट. ऊर्जानगरच्या वीज केंद्रात पाण्याच्या प्रयोगशाळेत भाऊ माझे वरिष्ठ होते आणि क्वार्टरही आमचं लागूनच. बॉयलरला जाणारं पाणी कमालीचं शुद्ध लागतं. त्यात क्षार नको, लोखंड नको, काहीच नको. वीस वर्षं पाण्यातले चोर पकडण्यात गेली, तेव्हा माणूस संशयी होणारच. भाऊ मात्र मुळातच तसे असावेत, नोकरीने फक्त प्रमाणपत्र दिलं.

ते नागभीडकडच्या तलावात मासेमारी करणाऱ्या घरातले. एकदा ट्रेनिंगला मुंबईला गेले आणि एका दुकानात काचेच्या पेटीत खाऱ्या पाण्यातलं हिरवंगार शेवाळ हलताना पाहून तिथेच थांबले. माशांचं त्यांना कौतुक नव्हतं. "मासे तं आमी टोपल्यानं पाह्यले. हे गवत पाह्य कसं डुलून राह्यलं!" परत आले ते प्लास्टिकच्या पिशवीत शेवाळाचे चार झुबके आणि समुद्राच्या मिठाची थैली घेऊन.

पुढच्या खोलीत काचेची टाकी आली. प्रयोगशाळेत नमुने तपासून उरलेलं शुद्ध पाणी साहेबांना विचारून कॅनमधून घरी यायचं, त्यात मोजून मीठ. पाणी हलतं ठेवायला छोटी मोटर, वर ट्यूबलाईट, तिची वेळ ठरलेली. दर रविवारी वहिनींच्या कात्रीने छाटणी. "कापलं नाई तं मधातलं सडते," म्हणत. छाटलेला तुकडा कोणी मागितला तर मात्र देत नसत. उद्या तोच माणूस सांगत फिरेल की भाऊंनी हे माझ्याकडून नेलं, अशी त्यांची खात्री!

केंद्राच्या धुराड्यांतली राख येते म्हणून खिडक्या बंद. धूर नको म्हणून अगरबत्तीसकट देव मागच्या खोलीत. पाहुणा दारात आला की पहिला प्रश्न, "हात साबणानं धुतले का? मंग लांबच राहा."

संशयाची परतफेड संशयानेच होते. बंद खिडक्यांमागे दिवसभर दिवा आणि आत काहीतरी हिरवं, म्हटल्यावर कॉलनीत कुजबुज झाली की भाऊ घरात गांजा लावून राह्यले. एक दिवस सुरक्षारक्षक चौकशीला आला. त्यालाही भाऊंनी बिनसाबणाच्या पाण्याने दोनदा हात धुवायला लावले, तेव्हा कुठे आत घेतलं.

जगात त्यांचा विश्वास एकाच माणसावर होता, वहिनींवर. वहिनी घरी नसल्या आणि स्वतः ड्युटीवर असले, तर दिवा बघायला एक किल्ली माझ्याकडे असायची, पण ती देतानाही म्हणायचे, "तुले देतो, पण माही नजर आहे."

एका दुपारी मी वर्तमानपत्र परत द्यायला गेलो तर वहिनी टाकीत वाटीने काहीतरी ओतत होत्या. झिंगे, म्हणजे बारीक कोळंबी, धुतलेलं पाणी!

"ह्यायले सांगू नका जी भाऊजी," त्या घाबरून म्हणाल्या. "त्या धुतल्या पाण्यात गवताले खायले काय भेटते? आमच्या तलावात गाळ असते म्हणून तं शिंगाडा जगते. आठ दिवसांतून वाटीभर टाकतो मी. ह्यायचा माह्यावरच तेवढा इस्वास हाये, तो जाईन."

मी शब्द दिला.

पुढच्या वर्षी लेकीच्या बाळंतपणासाठी वहिनी आरमोरीला गेल्या, त्या अडीच महिने. तिसऱ्या आठवड्यात गवताचा रंग उतरला. टोकं आधी काचेसारखी झाली, मग हात लावला की तुटू लागली. भाऊंनी पाणी बदललं, पुन्हा बदललं. जितकं शुद्ध पाणी पडे तितकं गवत पांढरं होई. "पाण्यात काईच नाई, मंग मरते काऊन?" असं विचारत ते टाकीसमोर बसून राहायचे. जेवायचेसुद्धा नाहीत.

मग संशय सुरू झाला. आधी डासांचं औषध मारणारे, मग शेजारची अगरबत्ती, आणि शेवटी ज्याच्याकडे किल्ली तो मी. प्रयोगशाळेत सगळ्यांसमोर म्हणाले, "तूच काई टाकलं त्याच्यात."

मला राग आला, आणि तो खराच होता. एका वाक्यात मी सुटलो असतो. पण ते वाक्य उच्चारलं असतं तर त्या माणसाकडे विश्वास ठेवायला कोणीच उरलं नसतं.

पण नुसतं गप्प बसून गवत जगणार नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी बाजारातून झिंगे आणले. आमचं घर माळकरी, अंडंसुद्धा कधी आलेलं नाही. नाकाला रुमाल बांधून मी ते मागच्या नळावर धुतले, मांजरीला घातले आणि वाटी घेऊन भाऊंच्या घरात शिरलो. अर्धी वाटी ओतून झाली आणि दार उघडलं. भाऊ चष्मा विसरले होते.

"पकडलं!" ते एवढंच म्हणाले. माझ्या हातून किल्ली घेतली आणि वाटीतलं उरलेलं पाणी बाटलीत भरून पुरावा म्हणून प्रयोगशाळेत नेलं. टाकीला हातसुद्धा लावला नाही, पुरावा बिघडू नये म्हणून.

चार-पाच दिवस माझ्याशी बोलणं बंद. मग एका सकाळी स्वतः माझ्या दारात आले. डोळे लाल.

"हिरवे कोंब आले," म्हणाले. "तुह्या वाटीतलं पाणी तपासलं. वीस वर्सं पाण्यातून जे काढत आलो, तेच पाह्यजे होतं त्याले. उपाशी मारलं मी." थोडं थांबून त्यांनी माझ्याकडे नेहमीच्या नजरेने पाहिलं. "पण तू तं झिंगे खात नाई. ही अक्कल तुह्यापाशी आली कुठून?"

भाऊ दारातच उभे राहून बोटावर काहीतरी मोजत होते. बहुधा वहिनी गेल्याचे आठवडे.

"नको सांगू," ते शेवटी म्हणाले आणि किल्ली माझ्या हातात ठेवून गेले.

वहिनी परत आल्यावर दर बाजाराच्या दिवशी भाऊ स्वतः झिंगे आणू लागले. पिशवी देऊन मोठ्याने सांगायचे, "मी शेजारी बसतो, तासभर येत नाई." मग माझ्या वऱ्हांड्यात येऊन बसायचे, आपल्या घराकडे पाठ करून. सगळ्या जगावर नजर ठेवणारा माणूस तो एक तास मागे वळून बघत नसे.

निवृत्तीनंतर ते नागभीडला गेले आणि दोन-तीन वर्षांत वारलेच. मी भेटायला गेलो. वहिनी बराच वेळ रडल्या. मग डोळे पुसून जवळ सरकल्या आणि हळूच म्हणाल्या, "शेवटपर्यंत ह्यायले कळू देलं नाई जी भाऊजी. एवढा संशयी माणूस, पण माह्या वाटीचा पत्ता नाई लागला."

"नाही वहिनी," मी म्हणालो. "नाही लागला."