नव्वद अंशांचा गुडघा

दीड-दोन महिने एका खोलीत पाय लांब करून बसलं की आपल्याला बोलावं लागत नाही, घरच बोलत राहतं. मी मुळात कमी बोलणारी. त्यामुळे ऐकलेलं सगळं साठत गेलं!

लग्नाला सातवा आठवडा. सासूबाईंनी गच्चीवर ज्वारीचे पापड घातले होते. त्यांवर पाय पडू नये म्हणून मी उडी मारली आणि गुडघ्यावर आपटले.

पापड एकही मोडला नाही. गुडघ्याची वाटी मोडली.

*

ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, सहा आठवड्यांत गुडघा नव्वद अंशांत वाकला पाहिजे, नाहीतर पुन्हा भूल देऊन वाकवावा लागेल. माझी झोपच उडाली. आई वेळापूरहून मला माहेरी न्यायलाच आली. सासूबाईंनी तिला चहा दिला.

"हितं मोडलंय, हितंच नीट करून देतो की."

*

अंघोळ सासूबाई घालणार म्हटल्यावर मी लाजून अर्धी झाले. मला बरं वाटावं म्हणून त्यांनी डोळे मिटून घेतले. पहिला तांब्या वॉकरवर, दुसरा त्यांच्याच पायावर. तिसऱ्याला मीच म्हटलं, "आई, उघडा डोळे."

*

आमचा टॉवेलचा कारखाना, अक्कलकोट रोडला. म्हणूनच घरात सगळे टॉवेल सेकंडचे: कुठं धागा सुटलेला, कुठं किनार वाकडी. फिजिओथेरपिस्टनं तळव्याला टॉवेल अडकवून पाय ओढायला सांगितलं, तर संध्याकाळी सासरे एक्स्पोर्टच्या गाठीतला कोरा टॉवेल घेऊन हजर.

सासूबाई बघतच राहिल्या. "तीस वर्षांत मला आणला न्हाई कधी असला."

सासरे म्हणाले, "तुझा पाय वाकतोय की."

*

नुसतं ओढून भागेना. नवरा पाय दाबायला बसला, पण मी 'आई गं' म्हणायच्या आत तोच रडकुंडीला यायचा. सासूबाईंनी त्याला बाहेर काढलं आणि टाच स्वतःच्या हातात घेतली. दहा मोजेपर्यंत दाबायचं. त्या मोजायच्या कानडीत, त्यांच्या माहेरच्या बोलीत. मला कानडी येत नव्हती. ऐकून ऐकून तिसऱ्या आठवड्यात आकडे कळायला लागले.

मी हळूच म्हटलं, "आई, सात मघाशीच झालं होतं."

टाच न सोडता त्या म्हणाल्या, "लई लवकर शिकलीस गं."

*

सहावा आठवडा. डॉक्टरांनी गुडघ्याला कोन मोजायची पट्टी लावली. मी छताकडे बघत होते. पंच्याण्णव अंश! भूल नको, काही नको. घरी आल्या आल्या सासूबाईंनी माझ्या आईला फोन लावला.

"नव्वदला पास होती. पंच्याण्णव पडले." मग जरा थांबून, "नव्वद तिचे. वरचे पाच माझे."